आधी डावा हात

त्या रविवारी ती पोचली तेव्हा बाबा आधीच खेचरावर चढून बसले होते.

खेचर म्हणजे घरचा ट्रॅक्टर. करड्या रंगाचा, बुटका, वयाने तिच्याहून थोरला. घोड्याचा रुबाब नाही आणि गाढवाचा सोशिकपणाही नाही, म्हणून खेचर, असं बाबांनीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. आई त्याला 'माझी सवत' म्हणायची. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर असताना बाबांना तो एका भंगाराच्या आवारात दिसला आणि घरी कुणाला न विचारता ते त्याला घेऊन आले. घरामागच्या अरुंद जमिनीत, फळझाडांच्या दोन रांगांमधून जाईल एवढं छोटं यंत्र दुसरं मिळणार नाही, ही सबब. खरं कारण आईला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नवरा प्रेमात पडला होता, आणि तेही ज्याला वर्षभर स्टार्टच होता येत नव्हतं अशा एकाच्या.

"या, बाईसाहेब," बाबा वरूनच म्हणाले. "आम्हाला वाटलं, आज पुस्तकांनी सुट्टी दिली नाही."

"त्यांनी दिली. तुम्ही कधी देणार ते सांगा."

त्या घरात 'कशी आहेस' आणि 'बरी आहे' हे असं बोललं जायचं. बापलेकीचं दुसरं काही जमलंच नव्हतं. तो चिमटा काढायचा, ती त्याहून बारीक चिमटा काढायची, आणि दोघंही खूश. आई म्हणायची, तुमच्यातलं एखादं मरायला टेकलं तरी दुसरं आधी टोमणा मारेल आणि मग डॉक्टरला फोन करेल. शहरातल्या एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांच्या लिखाणातल्या चुका काढायच्या हाच धंदा, त्यामुळे बाबांना म्हणायला आयतंच सापडलं होतं. तिला पगार मिळतो ते जाऊ दे, पण फुकटात माझ्या चुका काढते याचा मला अभिमान आहे, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

दर रविवारी सकाळच्या बसने ती यायची. ऑफिसात सांगायची, घरची भाजी आणायला जाते. घरीही तेच सांगायची. पिशवी दाखवून.

चपला काढून तिने आईच्या जुन्या रबरी बुटांत पाय घातले आणि शेडच्या खिळ्यावर लटकवलेला फाटका शर्ट अंगावर चढवला. "हा शर्ट तरी धुवा कधी," ती म्हणाली. "नवा घालून ये," बाबा म्हणाले. शेडबाहेर फळीवर माती उकरायचा कल्टिव्हेटर टेकवून ठेवला होता, त्याचे वाकडे फण जमिनीकडे बघत होते. बाबांनी गिअर टाकला, मान वळवली आणि खेचर हळूहळू मागे आणू लागले. ती मागच्या चाकाच्या बाजूला, जरा लांबच उभी राहिली. चाक थांबल्याशिवाय ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये पाय ठेवायचा नाही, हा घरचा पहिला कायदा. दुसरा कायदा, ओरडायचं नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं कळत नाही, वर बसलेलं माणूस फक्त बिचकतं आणि क्लचवरचा पाय सुटतो. म्हणून खुणा ठरलेल्या. अवजार अडकवायची लोखंडी पिन हातात असायचीच, तिने मडगार्डवर दोनदा ठोकलं की अजून थोडं मागे. एकदा ठोकलं की बस.

तिने दोनदा ठोकलं. खेचर बोटभर मागे आलं. तिने एकदा ठोकलं.

मग ती मध्ये शिरली. अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे दोन लोखंडी हात मागे लोंबत होते. आधी डावा. डाव्याला हवं तसं वरखाली करता येत नाही, अवजारालाच कण्हत-कुथत त्याच्यापर्यंत सरकवावं लागतं. तिने कल्टिव्हेटरला खांदा लावला, शिवी गिळली, आणि डाव्या हाताचं भोक पिनेवर चढवलं. वर खिटी मारली. मग उजवा. उजव्याच्या वर एक फिरवायचा दांडा असतो. तो फिरवत गेलं की हात हळूहळू उचलला जातो आणि बरोबर पिनेसमोर येऊन उभा राहतो. शेवटी मधली, वरची दांडी. तिला स्वतःभोवती फिरवून लांबआखूड करायचं, तिन्ही भोकं एका रेषेत आली की पिन आत. लहानपणी तिने विचारलं होतं, आधी डावाच का. बाबा म्हणाले होते, आधी हट्टी माणसाची समजूत काढायची, मग शहाण्या माणसाशी बोलायचं. डावा म्हणजे मी, उजवा म्हणजे तुझी आई. आणि वरची दांडी? ती तू, सारखी फिरवत राहावी लागते.

तेव्हा उलटं असायचं. ती वर बसायची, म्हणजे बसायची कुठली, दोन्ही पायांनी क्लचवर उभी राहायची, आणि बाबा खाली असायचे. त्यांच्या नुसत्या ठोकण्यावरून तिला कळायचं की काम मनासारखं झालं की नुसतं चालण्याजोगं. मग बाबांच्या कमरेने दगा दिला. त्यावर घरात चर्चा वगैरे झाली नाही. एका रविवारी बाबा कसेबसे सीटवर चढले आणि पिन तिच्या हातात दिली, एवढंच. तेव्हापासून ग्रीस, खरचटणं आणि कुरकुर ही तिची खाती झाली. कुरकुर ती मनापासून करायची. दर रविवारी नवी काढायची, आणि बसमध्ये बसल्या बसल्या तयार करून आणायची.

त्या दिवशीही पिना लावून झाल्यावर ती फडक्याने हात पुसत होती, आणि बाबा तिच्याकडे न बघता, समोर स्टेअरिंगकडे बघत म्हणाले, "हे खेचर काढून टाकावं म्हणतोय. रोपवाटिकेची बाई मागे लागली आहे."

खेचर विकायची भाषा ती बालपणापासून ऐकत आली होती. थंडीत स्टार्ट झालं नाही की बाबा ते विकायचे, टायर बसला की विकायचे, आईशी भांडण झालं तर हमखास विकायचे.

"सुटले एकदाची," ती म्हणाली.

"मग रविवारी काय करशील?"

"झोपेन. माणसांसारखी."

"हं," बाबा म्हणाले.

त्यांनी शाफ्टचा दांडा ओढला, क्लच सोडला आणि मांडीजवळची लिफ्टची मूठ वर केली. खेचर क्षणभर कुंथलं. मग सगळे फण एकदम जमिनीवरून सुटले आणि कल्टिव्हेटर डुलत डुलत वर आला. बाबांनी मागे वळून पाहिलं. जादूगाराला स्वतःच्याच जादूचं नवल वाटावं, तसा त्यांचा चेहरा त्या वेळी व्हायचा, आणि तो बघायला ती फडकं हातात धरून तिथेच उभी राहायची. तो दिवसही त्याला अपवाद नव्हता. दुपारपर्यंत झाडांच्या मधली जमीन मोकळी झाली. जेवणं झाली. आईने पिशवी भरून दिली. ती निघाली तेव्हा बाबा खेचराच्या पोटाखाली काहीतरी बघत होते. त्यांनी पाना धरलेला हात वर केला आणि तिनेही पिशवी धरलेला हात वर केला.

त्याच आठवड्यात, मधल्याच एका सकाळी, बुटांच्या नाड्या बांधायला म्हणून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. आईचा फोन आला तेव्हा ती एका पानाच्या मध्यावर होती. आई जे सांगत होती ते ऐकताना तिचं बोट त्याच ओळीवर राहिलं. फोन ठेवल्यावरही, परत तिथूनच वाचायला सुरुवात करायची असावी तसं, ते थोडा वेळ तिथेच होतं.

माणसं आली, बसली, उठून गेली. पंपघरातले बाबांचे जुने सोबती आले. त्यांनी बाबांचे किस्से सांगितले, हसवलं, आणि हसल्यावर ओशाळून गप्प झाले. तीही हसली. ती रडली नाही म्हणून एका लांबच्या मावशीने आईजवळ काळजी व्यक्त केली. आई म्हणाली, ती बापावर गेली आहे, बाहेर काही दिसायचं नाही.

ऑफिसात ती परत जाऊ लागली. काम अडत नव्हतं. फक्त अधूनमधून, कुणाच्या तरी कादंबरीतला बाप कुणाच्या तरी मुलीला मिठीबिठी मारून मोठमोठी वाक्यं बोलायला लागला की तिला ते 'हं' ऐकू यायचं. आधी ते तिला रोजचंच वाटलं होतं. बाबा दिवसातून शंभर वेळा 'हं' म्हणायचे. पण हे वेगळं होतं. शेवटी जरासं खाली गेलेलं. पाणी किती आहे ते बघायला विहिरीत दगड टाकावा, कान देऊन थांबावं, आणि आवाज यायला अपेक्षेपेक्षा फारच जास्त वेळ लागावा, तसं.

रोपवाटिकेची बाई भेटायला आली तेव्हा रविवारच होता. उंचनिंच, आवाजाने घर भरून टाकणारी, बोटांच्या चिरांत माती मुरलेली. ती खूप वेळ आईजवळ बसली आणि ट्रॅक्टरचा शब्दही तिने काढला नाही. शेवटी आईनेच काढला. त्यांनी तुम्हाला शब्द दिला होता, घेऊन जा, म्हणाली. बाई संकोचली, घाई नाही म्हणाली. आई म्हणाली, उभं राहून गंजण्यापेक्षा बरं. मग पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं. ती शेजारी बसून हे ऐकत होती. आपल्याला काहीतरी म्हणायचं आहे हे तिला जाणवत होतं, पण काय ते तोंडापर्यंत येत नव्हतं. अवजार जोडायला कोण शिकवेल, असं तिच्याकडे बघत बाईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी आहे."

खेचर न्यायच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आईजवळ बसली होती. आई लसूण सोलत होती. दोघींपुरता स्वयंपाक होता, तरी ती सवयीने तिघांचा लसूण सोलत होती.

"तुला विचारलं होतं म्हणे त्यांनी," आई म्हणाली.

"काय?"

"खेचर काढू का म्हणून."

"विचारलं कुठे? सांगितलं."

"त्यांचं विचारणं असंच असायचं," आई म्हणाली. "माझ्याशी लग्न करायचं होतं तेव्हा मला म्हणाले होते, तुला दुसरं कोणी पसंत करेल असं वाटत नाही. मी महिनाभर बोलले नाही."

ती हसली नाही. आईने पाकळ्या वाटीत टाकल्या.

"त्या रविवारी रात्री मला म्हणाले, विचारलं लेकीला. मी म्हटलं, अहो, नीट तरी विचारलंत का? तर म्हणाले, विचारलं, सुटले म्हणाली. इतकी वर्षं माझ्यापायी रविवार घालवते, मिळू दे तिला रविवार. मग सकाळी उठून त्या बाईला फोन केला. तोवर नाहीच म्हणत होते तिला. दोनदा परत पाठवलं होतं."

"मी गंमत केली होती," ती म्हणाली.

"त्यांनीही गंमतच केली होती गं आधी," आई म्हणाली. "तू नको म्हणाली असतीस तर."

ती ते सगळं संभाषण मनात पुन्हा वाचत होती, जसं ती पानं वाचायची, प्रत्येक शब्दावर पेन्सिल ठेवून. 'मग रविवारी काय करशील.' आयुष्यात बाबांनी तिला विचारलेला हा एकच सरळ प्रश्न होता. आणि तो तिने ओळखला नव्हता. हजार लोकांची वाक्यं तपासून त्यांत काय म्हणायचं राहिलंय ते समासात लिहिणारी ती.

"मी देणार नाही," ती एकदम म्हणाली. "त्या बाईंना सांगते मी."

आईने तिच्याकडे पाहिलं. "तुझं तू बघ. सांगायचं असेल तर सांग. मला काय, सवत गेली काय आणि राहिली काय," ती म्हणाली, पण तिचा सुरीचा हात थांबला होता.

बाई आली ती ट्रक घेऊनच. ट्रकवाल्याला तिने बाहेर थांबवलं आणि स्वतः पँटचे पाय गुंडाळत थेट शेडमध्ये आली. पहिल्यांदा तिने बाबांबद्दल विचारलं नाही की आईबद्दल, खेचराच्या बॉनेटवर हात ठेवून ती म्हणाली, "कसा आहेस रे?" आणि मग ओशाळून तिच्याकडे बघून हसली. झाडांशी बोलायची सवय, म्हणाली, सुटत नाही.

हीच वेळ होती. "मला तुमच्याशी एक बोलायचं होतं," ती म्हणाली.

"बोला की."

"तेल बघत जा," ती म्हणाली. "गळतं थोडं."

बाईने मान हलवली. ती स्वतःवरच चिडली आणि खिळ्यावरचा शर्ट घालू लागली. जोडून दाखवू, तेवढ्यात सांगू, असं तिने स्वतःला समजावलं.

बाईला चालवता येत होतं. तो फोन केल्यावर बाबांनी तिला दोन फेऱ्या मारून शिकवलं होतं. ती वर चढली आणि खेचर मागे आणू लागली, तेही इतकं वेगाने, की मडगार्डवर ठोकायला उशीर झाला आणि लिफ्टचा एक हात कल्टिव्हेटरवर आपटला. बाई घाबरून उतरली. ती म्हणाली, काही होत नाही, लोखंड आहे, पण मी मध्ये असते तर माझी पोळी झाली असती. मग तिने कायदे सांगितले. चाक थांबल्याशिवाय मध्ये यायचं नाही. ओरडायचं नाही. दोनदा म्हणजे मागे, एकदा म्हणजे बस. बाईने ते वाचलेलं पाठ करावं तसं पुटपुटून पाठ केलं. दुसऱ्या खेपेला खेचर बरंच जवळ आलं. तिसऱ्या खेपेला नेमकं.

"आता खाली या," ती म्हणाली. "हे तुम्ही करा. आधी डावा."

बाईने ताकदीने कल्टिव्हेटर सरकवला. डावा लागला. उजव्याचा दांडा तिने उलटा फिरवला, हात खाली गेला, मग सुलटा फिरवला. वरच्या दांडीशी बाई बराच वेळ झटापट करत होती, आणि ती बाजूला उभी राहून काही न बोलता बघत होती, कारण बाबाही असेच बघायचे, आणि भोक जुळलं की मगच म्हणायचे, हां, बघ. भोक जुळलं. "हां," ती म्हणाली, "बघा."

बाई वर चढली आणि लिफ्टची मूठ ओढली. काहीच झालं नाही. परत ओढली. कल्टिव्हेटर ढिम्म.

"हे मोडलंय," बाई म्हणाली.

"मोडलं नाही. शाफ्टचा दांडा लावला नाहीत तुम्ही. तो लागल्याशिवाय पंप फिरत नाही, आणि पंप फिरल्याशिवाय हा काडीही उचलत नाही. आणि पाय काढा क्लचवरून. क्लच दाबून ठेवला तरी तेच."

बाईने दांडा लावला, पाय हळूच सोडला. खेचर कुंथलं. कल्टिव्हेटर जमिनीवरून सुटला आणि वर आला. बाईने मागे वळून पाहिलं. तिच्या तोंडाचा चंबू झाला होता, लहान मुलीसारखा.

"तुमचे वडील म्हणाले होते," ती वरून म्हणाली, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, "चालवायला मी शिकवतो, पण जोडायला माझी मुलगी शिकवेल. तिचा हात माझ्यापेक्षा नेमका आहे. मी म्हटलं, त्या शहरात असतात, येतील का? तर म्हणाले, येते की. तक्रार करत करत येते. मला ऐकायला बरं वाटतं."

"हे कधी म्हणाले?"

"मी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा. द्यायला तयार नव्हते, पण कधी दिलंच तर, म्हणाले."

तिने फडकं उचललं आणि हात पुसू लागली. हात स्वच्छच होते, सगळं काम बाईने केलं होतं.

बाईने इंजिन बंद केलं नाही, पण लिफ्ट खाली आणली. उतरून ती तिच्यासमोर उभी राहिली. झाडांशी बोलणाऱ्या माणसाला गप्प राहिलेल्यांचं थोडंफार कळत असावं.

"तुम्हाला द्यायचं नाहीये," बाई म्हणाली.

ती मान हलवू शकली असती. कुठल्याही बाजूला.

"मग नका देऊ," बाई म्हणाली. "खरंच सांगते. मी ट्रक परत पाठवते. मला दुसरं बघता येईल. माझ्या वाफ्यांच्या वाटा अरुंद आहेत, पोत्यांनी पाठ गेली माझी, हे सगळं खरं आहे, पण म्हणून कुणाच्या जिवावरचं नको मला."

आता काही अडवत नव्हतं. एक शब्द बोलायचा होता आणि खेचर शेडमध्ये राहणार होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. ठेवून घेतलं तर दर रविवारी यायचं, फाटका शर्ट घालायचा, पिन हातात घ्यायची. सगळं करता येईल. जमीन तीच आहे, झाडं तीच आहेत. मडगार्डवर ठोकायचं, बरोबर ठोकायचं. पण वर कुणाला बसवायचं? कुणालाही बसवलं, तरी कल्टिव्हेटर उचलला गेल्यावर ते माणूस मागे वळून बघेल आणि तो चेहरा निराळाच असेल. ते आज तिने पाहिलंच होतं. बाईचा चेहरा छान होता. पण बघायला थांबावं, असा तो नव्हता.

तिला खेचर नको होतं. हे कळायला तिला त्याला एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी जोडून बघावं लागलं होतं. तिला काय हवं होतं ते वेगळं होतं, आणि ते देणं-न देणं आता कुणाच्याच हातात नव्हतं.

"न्या," ती म्हणाली. "तुमच्याकडे कामाला लागेल. इथे नुसतं उभं राहील."

"नक्की?"

"नक्की. बाबांनी दिलंय तुम्हाला. मी फक्त जोडून दिलं."

बाईने थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिचा दंड हलकेच दाबला. ट्रकवाल्याला बोलावते आणि आईंना भेटून येते, असं म्हणून ती घराकडे गेली. जाताना तिने इंजिन बंद केलं.

शेडसमोर एकदम शांतता झाली, इतकी की गरम लोखंड निवतानाची बारीक टकटक ऐकू येऊ लागली. ती अजून मागेच उभी होती, तिच्या जागेवर, डाव्या हाताजवळ. समोर सीट होती. पत्र्याची, भोकं पाडलेली, बसून बसून मधला रंग गेलेली. तिथून कायम तिला बाबांची पाठ दिसायची, मळलेली कॉलर, कानावरचे पांढरे केस, आणि मान वळली की अर्धा चेहरा. इतकी वर्षं ती त्या पाठीशीच बोलत आली होती. पाठीला कुरकुर सांगायला सोपी जायची.

स्वयंपाकघरातून बाईचा मोठा आवाज आणि आईचा लहान आवाज येत होता. ट्रकची फळी खाली पडल्याचा दणका ऐकू आला. आता कुणीतरी येईल, हे तिला कळत होतं. तिने मडगार्डवर हात ठेवला. ठोकलं नाही, नुसता ठेवला.

"बाबा," ती म्हणाली.

तिने परत सुरुवात केली, हळू, पण ऐकू जाईल असं, मागे वळून न बघणाऱ्या माणसाला सांगावं तसं.

"मला नव्हतं सुटायचं, बाबा. मी भाजीसाठी येत नव्हते. सोमवारपासून मी वाट बघायचे. आठवडाभर वाट बघायचे."